पाटी पुरे, बंदी नको

कॅलिफोर्नियात सॅन दिएगोजवळच्या एका सार्वजनिक किनाऱ्यावर एक तरुण मित्राबरोबर गेला, कपडे काढले, टॉवेल अंथरून उताणा पडला आणि उन्हात त्याला झोप लागली. आसपास घरं नव्हती. काही तासांनी पोलिसांनी त्याला उठवून अटक केली. तोवर किनाऱ्यावर इतर माणसं आलेली होती. शिक्षा तशी किरकोळ झाली, पण ज्या कलमाखाली ती झाली त्यामुळे लैंगिक गुन्हेगार म्हणून नाव नोंदवणं त्याला बंधनकारक झालं. १९७२ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही शिक्षा रद्द केली. उन्हात नग्न पडून राहणं म्हणजे कामुक प्रदर्शन नव्हे. लैंगिक हेतूने लोकांचं लक्ष आपल्या अंगाकडे वेधायचा उद्देश सिद्ध झाल्याशिवाय हे कलम लागत नाही, असं न्यायालय म्हणालं.

पन्नास वर्षांहून जास्त काळ लोटला, आणि अमेरिकेत हा फरक पुसून टाकायचे प्रयत्न अजून चालू आहेत. कधी काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, सभेत, कधी राज्याच्या विधिमंडळात मागणी येते: सार्वजनिक जमिनीवर नग्न पोहणं, उन्हात पडणं, फिरणं हे सगळं सरसकट गुन्हा ठरवा. विस्कॉन्सिनमध्ये २०२३ साली मॅडिसन शहरातल्या नग्न सायकल फेरीत एक दहा वर्षांची मुलगी होती हे कळल्यावर गदारोळ उठला आणि त्यातून असंच विधेयक पुढे आलं. पालकांचा तो राग मला समजतो. भर शहरातल्या रस्त्यावरून निघणाऱ्या फेरीत लहान मुलांनी असावं का, यावर नियम करायला माझी हरकत नाही. पण त्या एका फेरीच्या निमित्ताने राज्यातली प्रत्येक नदी, प्रत्येक जंगल, प्रत्येक आडबाजूची पुळण बंदीखाली आणणं मला साफ अमान्य आहे. बंदीने ज्यांचा काही उपद्रव नाही ते लोक हटतात, आणि ज्यांचा आहे ते तिथेच राहतात. शिवाय, ज्यात कुणाचं नुकसान दाखवता येत नाही अशी गोष्ट गुन्हा ठरवायची सवय सरकारला लागते.

बंदीवाले सांगतात की आज कायदाच नाही, सगळं मोकळं रान आहे. हे खरं नाही. अमेरिकेच्या केंद्र सरकारकडे सुमारे ६४ कोटी एकर जमीन आहे, देशाच्या एकूण जमिनीच्या चौथ्या हिश्शाहून जास्त. त्यातल्या राष्ट्रीय उद्यानांच्या नियमांत नग्नतेवर देशभराची बंदी नाही, पण अश्लील कृत्य, धमकावणं, शांततेचा भंग यांवर आहे, आणि रेंजर, म्हणजे उद्यानाचे रक्षक, त्या नियमाखाली कारवाई करू शकतात. वनखात्याच्या नियमांत तर अशी सोय आहे की एखाद्या विशिष्ट जागी अडचण असेल तर तेवढ्या जागेपुरता आदेश काढून नग्नता मना करता येते. राज्यांचे आणि काउंट्यांचे कायदे आहेत ते वेगळेच. म्हणजे हातात बारीक हत्यारं आधीच आहेत. त्र्यंबक नाक्यावर गर्दी झाली म्हणून आख्ख्या नाशिकात वाहनबंदी कुणी करत नाही. जिथे प्रश्न तिथे उपाय, ही कारभाराची साधी रीत आहे.

न्यू जर्सीतल्या मराठी माणसाला याचं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. एडिसन-पिस्कॅटवेकडून उन्हाळ्यातल्या रविवारी छत्र्या, चटया, भेळेचं सामान घेऊन कुटुंबं सँडी हूकला जातात. समुद्रात घुसलेली ती वाळूची लांब जीभ पूर्वी लष्कराची होती. फोर्ट हॅनकॉक १९७४ साली बंद झाला आणि आज त्यातली बहुतेक जागा राष्ट्रीय उद्यान खात्याच्या ताब्यात आहे. तिथल्या गनिसन किनाऱ्यावर लोक वर्षानुवर्षं विवस्त्र पोहतात, ऊन खातात. किनाऱ्याकडे जाताना पाटी दिसते: इथून पुढे नग्न लोक दिसू शकतात. ज्यांना नको ते पाटीच्या अलीकडच्या किनाऱ्यांवर थांबतात आणि तिथे जागा भरपूर आहे. माझ्या ओळखीतली कितीतरी घरं अनेक उन्हाळे सँडी हूकला जातात आणि गनिसन त्यांनी पाहिलेलाही नाही. त्यांच्या सहलीला त्या किनाऱ्याचा काडीचाही त्रास झालेला नाही. जी गोष्ट पाटी वाचून टाळता येते, तिच्यापासून संरक्षण म्हणून फौजदारी कायदा मागण्यात काय तर्क आहे?

याला खरा उत्तरपक्ष एकच आहे, आणि तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अँटनिन स्कालिया यांनी १९९१ साली अगदी स्वच्छ मांडला. इंडियाना राज्याचा सार्वजनिक नग्नतेविरुद्धचा कायदा क्लबमधल्या नर्तकींना लागू होतो का, हा खटला होता. पाच विरुद्ध चार मतांनी कायदा टिकला. स्कालियांनी स्वतंत्र मत लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की साठ हजार सज्ञान माणसं आपखुशीने इंडियानापोलिसच्या हूझियर डोम स्टेडियमात जमली आणि एकमेकांसमोर नग्न झाली, दुखावलं जाणारं तिथे कुणीही नसलं, तरीही हा कायदा मोडलाच. कारण कायद्याचा हेतू कुणाला वाचवणं हा नाहीच. समाजाला जे अनीतीचं वाटतं ते रोखणं, हाच त्याचा हेतू.

मला हे मत पटत नाही, पण त्यातल्या प्रामाणिकपणाबद्दल आदर वाटतो. बंदीचं समर्थन करणारे बहुतेक जण मुलांचं नाव घेतात, पर्यावरणाचं घेतात, वाहतूक कोंडीचं घेतात. स्कालियांनी ती सगळी आवरणं बाजूला ठेवली. कुणालाही इजा नसताना, कुणीही तक्रार करत नसतानाही बहुसंख्यांना आवडत नाही म्हणून शिक्षा करता येते का, एवढाच प्रश्न उरतो. ज्या समाजात आपण अल्पसंख्य म्हणून राहतो, आपले सण, आपलं खाणं, आपले अंत्यविधी शेजाऱ्यांना चमत्कारिक वाटू शकतात, त्या समाजात आपण या प्रश्नाला ‘हो’ म्हणू नये. आज बहुसंख्यांची नावड उघड्या अंगावर आहे. ती तिथेच थांबेल याची हमी कोणी देऊ शकत नाही.

पर्यावरणाच्या मुद्द्याचा मात्र नीट विचार केला पाहिजे, कारण तो कोर्टात टिकला आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या केप कॉड राष्ट्रीय किनाऱ्यावर, ट्रुरो गावाजवळ ब्रश हॉलो नावाची जागा आहे. तिथे फार पूर्वीपासून थोडेफार लोक विवस्त्र पोहत असत. सत्तरच्या दशकात गर्दी वाढली. वाहनं रस्त्याकडेला, लोकांच्या खासगी आवारात उभी राहू लागली, वाळूच्या टेकड्या तुडवल्या गेल्या, गावकरी वैतागले. १९७५ मध्ये उद्यान खात्याने त्या संपूर्ण राष्ट्रीय किनाऱ्यावर नग्नतेला बंदी केली. पोहणारे कोर्टात गेले. न्यायाधीश फ्रँक फ्रीडमन यांनी मान्य केलं की त्या जागेचा इतिहास पाहता लोकांच्या या स्वातंत्र्याला काहीएक घटनात्मक संरक्षण आहे, पण टेकड्यांचं नुकसान आणि गर्दी ही कारणं पुरेशी ठरवून बंदी कायम ठेवली. पुढच्या वर्षी वरच्या न्यायालयानेही तेच केलं.

हा निकाल मला चुकीचा वाटतो. वाळूच्या टेकड्या पायांनी तुडवल्या जातात, आणि पायाचा मालक कपड्यांत आहे की नाही याने टेकडीला फरक पडत नाही. वाहनं जास्त असतील तर वाहनं मोजा, परवाने द्या, रस्ता आखा, टेकड्यांना कुंपण घाला. गर्दीवरचा उपाय गर्दीवर हवा. खात्याने गर्दीचं कारण दाखवून एका विशिष्ट प्रकारच्या लोकांना घालवलं. त्याच बंदीच्या नियमात दहा वर्षांखालच्या मुलांना सूट आहे. उघडं लहान मूल अश्लील नसतं हे नियम लिहिणाऱ्यांनाही माहीत होतं. अमुक वयानंतर तेच अंग आपोआप गुन्हा कसं होतं, याचं उत्तर त्या नियमात नाही.

बंदीने उपद्रव कमी होतो का, हे पाहायला कॅलिफोर्निया राज्य सरकारची उद्यानं बरी. तिथे नियमाने नग्नता मना आहे. तरी १९७९ मध्ये राज्याच्या उद्यान खात्याचे प्रमुख रसेल काहिल यांनी एक धोरण घालून दिलं: कुणा नागरिकाने तक्रार केली तर रेंजरने त्या माणसाला कपडे घालायला सांगावं, आणि ऐकलं नाही तरच दंड करावा. जवळजवळ तीन दशकं हे चाललं. सॅन ओनोफ्रेच्या किनाऱ्याचा एक दूरचा टप्पा याच समजुतीवर टिकून होता. मग २००८ मध्ये खात्याने तिथे हे धोरण गुंडाळलं, कारण झाडीत अश्लील चाळे होतात अशा तक्रारी होत्या. नग्नतावादी संघटना कोर्टात गेली आणि २००९ मध्ये अपिलात हरली.

अश्लील चाळे होत असतील तर ते वाईटच, आणि त्याला शिक्षा व्हावी. पण असे चाळे करणारा माणूस कोण असतो? तो झाडीत असतो. उघड्या वाळूवर, शेकडो लोकांच्या नजरेसमोर पुस्तक वाचत पडलेली निवृत्त शिक्षिका किंवा नवरा-बायकोचं जोडपं तो नसतो. जुन्या नग्न किनाऱ्यांवर हेच नेहमीचे लोक दक्षता ठेवतात. कोणी कॅमेरा काढला, कोणी बाईच्या मागे मागे फिरू लागला, तर आधी तेच हटकतात आणि रेंजरला बोलावतात, कारण एका माणसाच्या गैरवर्तनाने किनारा बंद होऊ शकतो हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. बंदी आली की कायदा पाळणारे हे लोक सगळ्यात आधी निघून जातात. झाडीतल्याला फरक पडत नाही. तो आधीही कायदा मोडतच होता. आता त्याला पाहणारं कोणी उरत नाही.

याच्या उलट ज्यांनी जागा अधिकृत केली त्यांच्याकडे पाहावं. टेक्सास हे काही उदारमतवादी राज्य म्हणून ओळखलं जात नाही. पण ऑस्टिनजवळ ट्रॅव्हिस सरोवराच्या काठी हिप्पी हॉलो नावाचं सार्वजनिक उद्यान काउंटी स्वतः चालवते. कपडे घालणं ऐच्छिक, प्रवेश अठरा वर्षांवरच्यांनाच, तिकीट लागतं, नियम लिहिलेले असतात. मायामीजवळच्या हॉलोव्हर किनाऱ्याचा एक टप्पा १९९१ पासून असाच आहे. तिथे जीवरक्षक आहेत, पाट्या आहेत, आणि पर्यटकांची रीघ लागलेली असते. किनारा लपूनछपून चालत नाही म्हणून तिथे शिस्त लावता येते. सॅन फ्रान्सिस्कोने २०१२ मध्ये सहा विरुद्ध पाच मतांनी शहरातल्या रस्त्यांवर आणि चौकांत नग्नतेवर बंदी घातली तेव्हाही परवाना असलेल्या मिरवणुका वगळल्या, आणि केंद्राच्या जमिनीवरचा बेकर बीच त्या बंदीबाहेरच राहिला. ती बंदी मला पूर्णपणे पटली नाही, पण तिने निदान एक गोष्ट मानली: रस्त्यावरचा चौक आणि समुद्राचा आडबाजूचा काठ या दोन जागांना एकच नियम लागू शकत नाही.

आता मुलांचा मुद्दा. हा टाळता येत नाही आणि मला टाळायचाही नाही. मुलांना धोका लैंगिक शोषणाचा असतो, आणि तो प्रौढाच्या वर्तनातून येतो. त्यावरचे कायदे कडक आहेत आणि तसेच हवेत. आजच्या काळात किनाऱ्यावरचा सगळ्यात मोठा धोका तर खिशातल्या फोनचा आहे. परवानगीशिवाय नग्न माणसाचा, विशेषतः मुलाचा, फोटो काढणं आणि पसरवणं यावर स्वतंत्र, कठोर कलम आणा. मी त्याच्या बाजूने सही करीन. हवं असेल तर हिप्पी हॉलोसारखी वयाची अट घाला. यातल्या कशासाठीही सरसकट बंदी लागत नाही. उलट बंदीचं कलम इतकं ढोबळ असतं की झोपलेला तरुण आणि मुलांसमोर मुद्दाम अंगप्रदर्शन करणारा विकृत माणूस, दोघं एकाच पिंजऱ्यात उभे राहतात. त्यात पहिल्याचं आयुष्य उद्ध्वस्त होतं आणि दुसऱ्याचा गुन्हा हलका दिसू लागतो.

बायकांच्या सुरक्षिततेबद्दल मला विचारलं जातं, बहुतेकदा पुरुषांकडूनच. बाईने काय घातलं होतं हा प्रश्न आपण बलात्काराच्या खटल्यात चुकीचा मानायला शिकतोय. मग इथे तोच प्रश्न कायद्यात का लिहायचा? ज्या बायका अशा किनाऱ्यांवर जातात त्या स्वतःच्या मर्जीने जातात, आणि कित्येकींना शस्त्रक्रियेच्या खुणा, बाळंतपणानंतरचं पोट, वय झालेलं शरीर यांची लाज तिथे पहिल्यांदा सैल झाल्यासारखी वाटते. त्यांना त्रास देणाऱ्याला पकडा. त्यांनाच गुन्हेगार ठरवून त्यांचं रक्षण होत नाही.

हे सगळं परदेशी खूळ आहे, आपला याच्याशी काय संबंध, असं कुणी म्हणेल. संबंध जुना आहे. आधुनिक अर्थाने जगातला पहिला ज्ञात नग्नतावादी संघ १८९१ मध्ये आपल्या माथेरानात निघाला. मुंबई इलाख्यातले एक इंग्रज जिल्हा न्यायाधीश, चार्ल्स क्रॉफर्ड, यांनी तो काढला आणि सुरुवातीला सभासद होते तीन. त्यांची बदली रत्नागिरीला झाली आणि संघ विरला. मराठीत मात्र हा विषय खऱ्या अर्थाने आणला रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. १९२७ पासून १९५३ पर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. मुखपृष्ठावर नग्न चित्रं छापली, आणि नग्नता व अश्लीलता या वेगळ्या गोष्टी आहेत हे शांतपणे, कारणं देऊन सांगितलं. अश्लीलतेच्या आरोपाखाली त्यांच्यावर खटले झाले. १९३४ मध्ये त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरला, दंड झाला. पण ऐंशी वर्षांनी, २०१४ मध्ये, भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने एका नग्न छायाचित्राच्या खटल्यात सांगितलं की चित्र नग्न आहे एवढ्यावरून ते अश्लील ठरत नाही, आणि २०२३ मध्ये केरळ उच्च न्यायालयानेही नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे हे पुन्हा स्पष्ट केलं. दिगंबर मुनी विहार करत गावातून जातात तेव्हा आपण वाट सोडून हात जोडतो. त्यांचं ते वैराग्य आणि किनाऱ्यावरचा विरंगुळा एकच आहेत असा माझा दावा नाही. पण उघड्या अंगाचा अर्थ हेतूवरून आणि जागेवरून ठरतो, हे आपल्या समाजाला कुणी शिकवायला नको.

मग गोव्यात उद्या असा किनारा हवा का? मी आज ‘हो’ म्हणणार नाही, आणि त्याचं कारण सांगणं गरजेचं आहे. साठ-सत्तरच्या दशकात हणजूणच्या (अंजुनाच्या) किनाऱ्यावर हिप्पी विवस्त्र वावरले तेव्हा तो किनारा मोकळा नव्हता. तिथे रापणकारांच्या, म्हणजे रापण ओढणाऱ्या मच्छीमारांच्या, होड्या लागत होत्या, गावच्या बायका-पोरं येत-जात होती. त्यांना कोणी विचारलं नाही. त्यांचा संताप रास्त होता. शिवाय आज गोव्यात पूर्ण कपड्यांतल्या बाईलाही फोन रोखलेल्या टोळक्यांचा त्रास होतो. तो थांबवण्याची यंत्रणा उभी राहिल्याशिवाय पुढची गोष्ट बोलण्यात अर्थ नाही. सँडी हूकची स्थिती वेगळी आहे. ती जमीन कुणाचं गाव नाही, सगळ्या देशाची आहे, तिथला वापर जुना आहे, जागा वेगळी काढलेली आहे आणि रेंजर हजर आहे. स्थानिकांचा रोजचा वापर, त्यांची संमती, जागेचं अंतर, पाटी आणि देखरेख, हे सगळं तपासून जागा ठरवावी लागते. हणजूणला त्याचं उत्तर ‘नको’ येईल, गनिसनला ‘चालेल’ येतं. सरसकट बंदी हे तपासायलाच नकार देते.

म्हणून अमेरिकेतल्या मराठी मतदारांना माझं सांगणं आहे. तुमच्या राज्यात असं विधेयक आलं तर आपल्याला तिथे जायचं नाही म्हणून गप्प बसू नका. आमदाराच्या कार्यालयाला फोन करा आणि तीन गोष्टी मागा. गुन्ह्याच्या व्याख्येत लैंगिक हेतू किंवा त्रास देण्याचा हेतू ही अट राहू द्या. परवानगीशिवाय फोटो काढण्याविरुद्धचं कलम वेगळं आणि कडक करा. आणि जिथे लोक वर्षानुवर्षं शांतपणे जातात त्या जागांना पाटी, हद्द आणि रेंजर द्या. जनसुनावणीत साधारण दोन-तीन मिनिटं बोलायला मिळतात, आणि एवढं बोलायला ती पुरतात.